साचा

गेल्या वर्षीची गोष्ट. नवरात्र उठले होते आणि दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर आली होती. माळ्यावरचा पितळी सोऱ्या काढून मी तो चिंचेने घाशीत बसले होते, तोच भाची आली. खांद्याला संगणकाची पिशवी आणि डोळ्यांत चार रात्रींचे जागरण. उत्तर कोकणातली लेणी आणि त्यांच्या अंगाने देशावर चढणाऱ्या जुन्या घाटवाटा हा तिच्या पीएच.डी.चा विषय. प्रबंध दिवाळीच्या सुट्टीपूर्वी सादर करायचा होता.

"मावशी, तू जन्मभर मराठी शिकवलंस. एकदा शुद्धलेखन तेवढं बघून देशील?"

मी हात धुऊन वाचायला बसले. प्रबंध दिसायला मोठा नेटका होता. डावीकडे दीड इंच समास, मथळे एका मापाचे, तळटिपा ओळीने बसलेल्या. आरंभी प्रतिज्ञापत्र, मग मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र, मग ऋणनिर्देश; पुढे प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधनपद्धती, आणि शेवटी मर्यादा व निष्कर्ष. जेवणावळीत पाने मांडावीत तशी सारी मांडणी.

"इतकं सगळं बसवलंस कधी?" मी विचारले.

ती हसली. "मी कुठे बसवलं? टेम्प्लेट आहे. दोन-तीन टेम्प्लेटं पाहिली. त्यांतलं एक बरं वाटलं ते घेतलं."

टेम्प्लेट म्हणजे काय, तर जवळच्याच विषयावर पूर्वी कोणा एकाने केलेला प्रबंध. त्याची मूळ प्रत हातोहाती हिच्यापर्यंत आली होती. हिने त्यातले त्याचे नाव काढले, आपले घातले. प्रकरणे रिकामी केली आणि आपल्या मजकुराने भरली. समास, मथळे, अनुक्रमणिका, आकृत्यांचे क्रमांक हे सारे आयते. सगळेच तसे करतात म्हणे, आणि त्यात काही वावगे आहे असे मलाही वाटले नाही.

वाचता वाचता मी तिसऱ्या प्रकरणाशी आले. तिथे एक वाक्य होते : 'संशोधकाने सर्व लेणी प्रत्यक्ष जाऊन पाहिली असून मोजमापे स्वतः घेतली आहेत.'

मी पेन्सिल खाली ठेवली. पावसाळ्यात ही आजारी होती, कर्जतजवळचे कोंडाणे राहून गेले, म्हणून माझ्याच घरी बसून हळहळली होती.

"तू कोंडाण्याला कधी जाऊन आलीस?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "ती ओळ त्याची आहे. टेम्प्लेटातली. काढायची राहिली." आणि थोड्या वेळाने, जरा हट्टाने, "पण मावशी, ती ओळ सगळ्यांच्याच प्रबंधात असते ग!"

हा लेख त्या शेवटच्या वाक्यासंबंधी आहे. वर्षभर ते माझ्या मनातून गेलेले नाही.

*

आयता साचा वापरणे यात मुळात गैर ते काय? आपण दिवाळीतली माणसे. आपण तर साच्यांवरच जगतो. घराघरांतला सोऱ्या सारखाच, त्यातली चांदणीची चकती सारखीच. तरी शेजारणीची चकली आणि आपली चकली यांतला फरक आंधळाही सांगेल. अंगणातल्या रांगोळीचे ठिपके मोजूनमापून ठरलेले असतात. सासूने सुनेला आणि आईने लेकीला दिलेले ते ठिपके कोणी चोरीचे म्हणत नाही. ठिपक्यांनी हाताला धीर मिळतो. रेघ मात्र ज्याची त्याने ओढायची असते.

विद्येच्या प्रांतातही हेच. आपल्या शास्त्रकारांनी ग्रंथ लिहिण्याचा साचा फार पूर्वी घालून दिला. ग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगायच्या : विषय कोणता, प्रयोजन काय, दोहोंचा संबंध काय, आणि ग्रंथ वाचण्याचा अधिकारी कोण. याला अनुबंधचतुष्टय म्हणत. कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'चे शेवटचे, पंधरावे अधिकरण ग्रंथरचनेच्या बत्तीस तंत्रयुक्ती सांगण्यासाठीच राखून ठेवले आहे. मीमांसकांनी वादाचीही पाच अंगे ठरवून टाकली : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. आधी शंका मांडा. मग प्रतिपक्षाचे म्हणणे, जणू ते आपलेच आहे अशा ताकदीने मांडा. मग आपले सांगा. आणि मगच निर्णयाला या.

या साच्याकडे नीट पाहिले, तर ध्यानात येते की तो नुसता कप्प्यांचा डबा नाही. त्याच्या प्रत्येक कप्प्यात एक एक नीतिनियम बसवलेला आहे. 'पूर्वपक्ष' हा कप्पा आहे म्हणून तरी लेखकाला विरोधकाचे ऐकून घ्यावे लागते. आजच्या प्रबंधातला 'पूर्वसंशोधनाचा आढावा' म्हणजे आपल्या आधी या वाटेने कोण गेले त्यांचे ऋण मान्य करणे. 'संशोधनपद्धती' म्हणजे मला हे कसे कळले याची कबुली. 'मर्यादा' म्हणजे मला काय कळले नाही याची कबुली. माणूस आपणहून सहसा असल्या गोष्टी सांगत नाही. साचा त्याच्याकडून त्या सांगवून घेतो. रिकामा कप्पा हा एक प्रश्न असतो. मागच्या पिढ्यांनी पुढच्या पिढीला विचारून ठेवलेला प्रश्न.

मग बिघडते कुठे? बिघडते ते प्रश्नाबरोबर उत्तरही आयते मिळते तेव्हा. भाचीला मिळालेला साचा रिकामा नव्हता. त्यात दुसऱ्याची उत्तरे चिकटून आली होती. कढईला कालच्या भाजीचा वास राहावा तशी ती ओळ राहिली होती.

*

भाचीने आपला बचाव केलाच. तीही अभ्यासू मुलगी. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय कशी राहील? ती म्हणाली, "हे वाङ्मयचौर्य नव्हे. नियम आहेत त्याला."

नियम खरोखरच आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली शैक्षणिक प्रामाणिकपणाबद्दल नियमावली काढली. प्रबंध यंत्रातून तपासायचा आणि दुसऱ्याच्या लेखनाशी त्याचे साम्य किती टक्के आहे ते पाहायचे. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठाच्या वर अशा चढत्या पायऱ्या, आणि त्यांना चढत्या शिक्षा. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश यांचे साम्य मोजायचे नाही. सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळलेले शब्द सलग चौदापर्यंत असतील, तर तेही सोडून द्यायचे.

मी त्या ओळीतले शब्द बोटांवर मोजले. अकरा भरले.

नियम वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. दुसऱ्याची पानेच्या पाने उचलणाऱ्यांना त्याने आळा बसतो, आणि कुठेतरी रेघ ही ओढावीच लागते. पण यंत्राला शब्द मोजता येतात. शब्दांमागे माणूस उभा आहे की नाही हे त्याला कसे दिसणार? शंभर ओळींचे खरे वाक्य उसने घेतले, तर ते यंत्रात सापडते. अकरा शब्दांची खोटी साक्ष उसनी घेतली, तर ती सहीसलामत सुटते. म्हणजे नियम पाळल्याने माणूस प्रामाणिक ठरला असे होत नाही. तो नियमातून पार पडला एवढेच होते.

"आणि मला सांग," मी म्हणाले, "त्याने तरी ती ओळ स्वतः लिहिली असेल कशावरून? त्यालाही कोणाचे तरी टेम्प्लेट मिळाले असेलच."

ती चमकली. ही शक्यता तिच्या ध्यानात आली नव्हती. एकाने कधी काळी खरोखर सगळी लेणी पायी हिंडून पाहिली असतील आणि अभिमानाने ते वाक्य लिहिले असेल. मग ते हातोहाती फिरत राहिले, आणि शेवटी त्या लेण्यांकडे कोणी फिरकले नाही तरी वाक्य तेवढे फिरत राहिले.

*

यावर तिने असा प्रश्न टाकला की मला काही वेळ उत्तर सुचेना. ती म्हणाली, "मग पत्रात 'साष्टांग नमस्कार' लिहायचात, तेव्हा कोण जमिनीवर लोटांगण घालत होतं?"

प्रश्न खरा होता. आमच्या पिढीने 'शि. सा. न. वि. वि.' अशी अक्षरे हजारदा लिहिली असतील. शिरसाष्टांग नमस्कार मनातही न करता लिहिली असतील. ते खोटे होते का? मला वाटते, नव्हते. कारण लिहिणाऱ्यालाही ठाऊक, वाचणाऱ्यालाही ठाऊक, की हा मायना आहे. दारात काढलेल्या चपलांसारखा तो आदराची खूण असतो. त्यावरून कोणी काही घटना घडल्याचे अनुमान काढीत नाही.

पण त्याच पत्रात, मायन्याच्या लगेच खाली, दुसरी एक ठरीव ओळ असे : 'इकडील सर्व क्षेम.' तीही साच्यातलीच. ती मात्र नुसता मायना नव्हती. ती बातमी होती. माझी आत्या लग्न होऊन लांब दिली होती. तिची पत्रे महिन्याकाठी येत आणि प्रत्येकात ती ओळ असे. आजोबा पत्र मोठ्याने वाचीत आणि त्या ओळीवरून डोळे न थांबवता पुढे जात. एकदा पत्र आले त्यात नमस्कार होता, पाऊसपाण्याची हकीकत होती, मुलांचे उल्लेख होते. ती ओळ तेवढी नव्हती. आजोबांनी पत्र दोनदा वाचले, घडी घातली, आणि आजीला म्हणाले, "पिशवी भर. रात्रीच्या गाडीने निघतो." तिथे काय वाढून ठेवले होते ते इथे सांगण्याचे कारण नाही. आत्याने तक्रारीचे एक अक्षर लिहिले नव्हते; लिहिण्याची सोयही नव्हती, कारण पत्रे उघडून पाहिली जात. पण खोटे लिहिण्याचे तिने नाकारले होते. साच्यातली एक जागा तिने मोकळी सोडली होती, आणि बापाला ती मोकळी जागा वाचता आली.

आता ही ओळ जर सगळ्याच पत्रांत, खरी असो वा नसो, ठोकून दिली जात असती, तर तिच्या नसण्याला काही अर्थ उरला असता का? आत्याने ती आजवर खरी असतानाच लिहिली होती, म्हणूनच न लिहून तिला बोलता आले. 'सगळ्यांच्याच प्रबंधात असते' या वाक्याने मी बेचैन झाले ती यामुळेच. जी साक्ष सगळेच देतात, ती खऱ्या साक्षीदाराच्याही उपयोगी पडत नाही. उन्हातान्हात हिंडून प्रत्येक लेणे मोजणाऱ्या मुलाने उद्या तेच वाक्य लिहिले, तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवील? नुकसान पहिल्यांदा त्याचे होते. आणि त्याला ते कळतही नाही.

तेव्हा साच्यातल्या ओळी दोन जातींच्या. काही मायन्याच्या, काही साक्षीच्या. समास, मथळा, क्रम, वंदन हे सारे मायन्याचे. ते खुशाल उसने घ्यावे. 'मी पाहिले', 'मी मोजले', 'हे माझे आहे' या साक्षीच्या ओळी. त्या उसन्या मिळतात, पण उसन्या घेता येत नाहीत. कोर्टाच्या आवारात टंकलेखक छापील प्रतिज्ञापत्र पुढे सारतो आणि 'इथे सही करा' म्हणतो. मजकूर त्याचा असतो, शपथ आपली असते.

भाचीने संगणक मिटला. म्हणाली, "रविवारी कोंडाण्याला येतेस?"

*

कर्जत स्टेशनाबाहेर रिक्षा मिळाली. कोंदिवड्याच्या बाजूला उतरून पुढे पायवाट. पाऊस नुकताच गेला होता. उल्हास नदीचे खोरे अजून हिरवे होते. वर राजमाचीचा डोंगर, त्याच्या कुशीत झाडीत दडलेली लेणी. भर पावसात या लेण्यांच्या तोंडावरून पाण्याचा पडदा कोसळतो. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या थोड्याच धारा उरल्या होत्या. त्यांच्या आडून चैत्यगृहाची ती प्रचंड कमान दिसली आणि दोघीही बोलायच्या थांबलो.

ही लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतली मानतात. जाणते लोक ती पाहायला येतात ते एका खास गोष्टीसाठी. हे काम दगडात आहे, पण त्याचे मन लाकडाचे आहे. कमानीवरच्या त्या छोट्या कमानी, वेदिकेची नक्षी, पुढे आलेली वाशांची टोके, सगळे सुताराच्या हातचे वाटते. कारण त्या काळी घरे, वाडे, प्रार्थनागृहे बांधीत ती लाकडाची. ती लाकडे कुजून, जळून गेली; त्यांची नक्कल डोंगरात राहिली. भाज्याच्या चैत्यातले खांब आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत वरच्या छपराचा रेटा सोसण्यासाठी तसे खांब कलते ठेवावे लागतात. कातळात कसला रेटा? तरी पाथरवटांनी ते कललेलेच कोरले. भाज्याला आणि कार्ल्याला तर दगडी छताखाली खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवल्या. त्या आजही पाहायला मिळतात.

शेजारच्या विहारात गेलो. वर पाहिले तर तुळया आणि त्यांवर आडवे वासे, जसे आपल्या जुन्या घराच्या माडीत असतात तसे. फक्त सारे कातळाचे. खालचे खांब बहुतेक तुटून गेले आहेत, आणि छत मात्र जागच्या जागी आहे. घरात खांब गेला की छत खाली येते. इथे खांब गेले तरी छताला त्याचा पत्ता नाही. तुळईने छत पेललेले नाही. छतानेच तुळई धरून ठेवली आहे.

"हीच माझी प्रकरणं," भाची हळूच म्हणाली. "काहीच पेलत नाहीत. टेम्प्लेटात होती म्हणून आहेत."

तिचा डावीकडचा दीड इंच समास मला आठवला. तो का असतो? प्रबंध शिवून पुठ्ठ्यात बांधतात. शिवणीत अक्षरे जाऊ नयेत म्हणून. आता प्रबंधाची संगणकीय प्रत 'शोधगंगा' या संग्रहात जाते, आणि बहुतेक लोक तो पडद्यावरच वाचतात; तिथे ना सुई ना दोरा. तरी समास आहे. लाकूड गेले, तुळई राहिली.

पण म्हणून ती तुळई लबाड म्हणायची का? मी बराच वेळ वर पाहत उभी होते. ज्याने ती कोरली, त्याला ठाऊक होते की ती काही पेलणार नाही. पाहणाऱ्यालाही ठाऊक होते. बांधकाम खालून वर जाते, लेणे छतापासून खाली खोदत आणतात; म्हणजे आधी या निरुपयोगी तुळया, मग बाकीचे सारे. छिन्नी चुकली तर दगड पुन्हा भरता येत नाही. एवढे कष्ट घेतले ते फसवायला नव्हे. आपल्या आधीच्यांनी देवघर असे पाहिले होते, भिक्षूंनी निवारा असा ओळखला होता. परक्या कातळात त्यांना ओळखीचे घर मिळावे, एवढेच. ती तुळई म्हणत नाही की 'मी भार वाहते.' ती म्हणते, 'मी तुळईची आठवण आहे.' हा झाला दगडाचा मायना. खोटे बोलायचे तर तोंडाने साक्ष द्यावी लागते. आणि साक्ष दिलेली तिथे एकच होती.

*

चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर डाव्या अंगाला एका मोठ्या मूर्तीचा भग्न अवशेष आहे. मस्तकावरचे केशभूषेचे नाजूक काम अजून शिल्लक आहे. त्याच्या बाजूला ब्राह्मी लिपीत, प्राकृतात, चारच शब्द कोरलेले आहेत : 'कण्हस अंतेवासिना बलकेन कतं'. म्हणजे, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. कण्ह म्हणजे आपला कृष्ण, कान्हा.

भाचीने हा लेख पुस्तकांतून वाचलेला होता; प्रबंधात त्यावर परिच्छेदही लिहिलेला होता. तरी ती त्या दगडापुढे अशी उभी राहिली, जणू आत्ताच कोणी तिला सांगितले.

कार्ल्याला वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने कोरून ठेवले आहे की जंबुद्वीपातले सर्वांत उत्तम असे हे शैलगृह त्याने सिद्धीस नेले. लेण्यांतले बहुतेक लेख असेच दात्यांचे असतात : अमक्याने स्तंभ दिला, तमक्याने पोढी दिली. दान ही थोर गोष्ट आहे आणि तिचा थोडा अभिमान क्षम्य आहे. पण बलकाने 'दिले' म्हटलेले नाही. 'केले' म्हटले आहे. आणि स्वतःच्या नावाआधी गुरूचे नाव घेतले आहे.

आता गंमत पाहा. 'अमक्याचा अंतेवासी तमका' ही धाटणी बलकाने शोधून काढलेली नाही. बौद्ध लेखांत ती इतरत्रही आढळते. म्हणजे त्याच्याही हाती साचाच होता! कमान सुतारांकडून घेतलेली, वेदिका पूर्वीच्या स्तूपांवरून घेतलेली, वाक्याची मोडणीसुद्धा रूढ. त्याने साच्यात आपले काय घातले? दोन नावे. आणि 'कतं', 'केले', हे तर वाक्यातले अगदी सामान्य क्रियापद. कोणीही लिहावे असे. पण हे असे क्रियापद आहे की कोणताही साचा ते आयते पुरवू शकत नाही. ते आधी हातांनी करावे लागते आणि मग छिन्नीने कोरावे लागते.

अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहणारा. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगला शब्द आपल्या भाषांत मला माहीत नाही. आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या चार शब्दांत आजच्या प्रबंधाची पहिली तीन पाने सामावलेली आहेत : मार्गदर्शकाचे नाव, विद्यार्थ्याचे नाव, आणि हे काम मी केले आहे ही प्रतिज्ञा.

भाचीने पिशवीतून टेप काढला. "धर ना त्या टोकाला," म्हणाली. गुडघे दुखत असताना मी दुपारभर टेप धरून उभी होते.

*

इथे गोष्ट संपवता आली असती, पण ती संपली नाही. परतताना गाडीत भाची म्हणाली, "आता ती ओळ खरी झाली."

"सगळी लेणी?" मी विचारले.

ती बोटांवर मोजू लागली. आणखी पाच लेणी अशी होती की जी तिने पाहिली नव्हती. त्यांची मापे आधीच्या अभ्यासकांची होती. एका रविवारात ती होण्यासारखी नव्हती, आणि मुदत दोन आठवड्यांवर. तिने त्या रात्री ती ओळ खोडली आणि तिथे लांबलचक वाक्य घातले : कोणती लेणी स्वतः पाहिली, कोणती नाहीत, आणि न पाहिलेल्यांची मापे कोणाच्या आधाराने दिली. तिचे म्हणणे असे पडले की या कबुलीने प्रबंध दुबळा दिसेल. तिच्या मार्गदर्शकांचेही तेच मत पडले. परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतील, असे ते म्हणाले. ते चुकीचे सांगत होते असेही नव्हे. परीक्षक बोट ठेवतातच.

अशा वेळी मला बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रबंधाची हकीकत आठवते, आणि मी ती भाचीला सांगितली. 'रुपयाचा प्रश्न' या विषयावरचा त्यांचा प्रबंध लंडनला १९२२ साली सादर झाला. ब्रिटिश कारभारावरची त्यातली टीका कडक होती. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो परत केला आणि पुन्हा लिहून द्यावयास सांगितले. निष्कर्ष बदला असे मात्र म्हटले नव्हते. बाबासाहेबांनी मांडणी पुन्हा केली, निष्कर्ष तेच ठेवले, आणि त्याच वर्षी प्रबंध मान्य होऊन ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि त्या प्रस्तावनेतच, आपल्याला लेखकाचे बरेचसे युक्तिवाद मान्य नाहीत पण त्याच्या विचारांत चेतना देणारा ताजेपणा आहे, असे नमूद केले. कण्ह आणि बलक यांचे नाते असेही असू शकते! विद्यापीठाचा साचा बाबासाहेबांनी झुगारला नाही. जे साच्याचे होते ते साच्याला दिले, जे साक्षीचे होते ते हातचे सोडले नाही. आणि कोणती गोष्ट कोणत्या खात्यातली, हे त्यांना परीक्षकांनी सांगावे लागले नाही.

इरावतीबाई कर्व्यांचेही असेच. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे. मानवी कवटीच्या दोन बाजूंतली विषमता हा विषय त्यांनी दिला, आणि त्यामागे वंशभेदाचे उत्तर गृहीत होते. प्रश्न गुरूचा, पद्धत गुरूची, प्रयोगशाळा गुरूची. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि त्या विषमतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असे जे आढळले तेच लिहिले. साच्यात राहून साच्याचे उत्तर नाकारायचे, तर त्याला एकच मार्ग असतो : स्वतः मोजणे.

भाची म्हणाली, "ती थोर माणसं, मावशी. माझी पाच लेणी राहिली एवढंच."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. थोरांच्या गोष्टी सांगणे सोपे असते. तिला मुदत होती, शिष्यवृत्ती संपत आली होती, घरी लग्नाची बोलणी चालली होती. अकरा शब्द तसेच ठेवले असते, तर कोणाचेही काही बिघडले नसते, असे जग तिला चारी बाजूंनी सांगत होते. आणि खरेच, कोणाचे काय बिघडले असते? मी विचार करकरून एवढ्याच उत्तराशी येते : त्या ओळीच्या पुढचे 'मी' बिघडले असते. ज्या पुस्तकात एके ठिकाणी 'मी पाहिले' हे खोटे आहे, त्यात जिथे जिथे खरेच पाहिले तिथलाही 'मी' डळमळतो, वाचकापुढे नव्हे, त्याला ठाऊकच नसते, पण लिहिणाऱ्यापुढे. कोंडाण्याला गुडघाभर चिखलातून जाऊन घेतलेले मापसुद्धा तिला पुढे आपले वाटले नसते.

तिने ते लांबलचक वाक्य ठेवले. प्रबंध दिवाळीनंतर सादर झाला. परीक्षकांनी त्या पाच लेण्यांवर बोट ठेवले, आणि ती पाहून पुरवणी जोडण्यास सांगितले. पदवी त्यामुळे काही महिने लांबली. ती माझ्यावर थोडी रागावलीही होती. आता पुरते निवळले आहे की नाही, ते मी विचारलेले नाही.

जुन्या मराठीत 'साच' म्हणजे खरे, आणि 'साचा' म्हणजेही खरा. ओतीव कामाच्या साच्याशी या शब्दाचे नाते व्युत्पत्तीने नसेल. पण भाषेने दोघांना एकाच उच्चारात बसवले आहे खरे.

यंदाचा सोऱ्या घासून फळीवर ठेवला आहे. काल भाचीचा फोन आला होता. राहिलेल्या पाचांपैकी चार लेणी झाली, पाचवे भाऊबीजेनंतर. "टेप धरायला येशील ना?" तिने विचारले.